रुसवा, राग आणि लिंबूटिंबू

आपल्या मनात काय चालले आहे ते ओळखणे, ते आवरणे, समोरच्याच्या मनाचा अंदाज घेणे आणि त्याच्याशी जमवून घेणे, ही मुलांची भावनिक आणि सामाजिक कौशल्ये. स्वभावाचा काही भाग जन्मजात असतो; ही कौशल्ये मात्र भाषेसारखी माणसांत राहूनच येतात, आणि त्यांना वेळ लागतो. भावनांना लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. म्हणून रचलेला मनोरा पडल्यावर ठोकळे भिरकावणारे चार वर्षांचे मूल हट्टीच असते असे नाही. त्याला अजून थांबता येत नाही, इतकेच.

सुरुवात शब्दांपासून होते. मराठीत त्यांची चणचण नाही: हिरमुसणे, रुसणे, खट्टू होणे, ओशाळणे, भेदरणे, हेवा वाटणे. तरी पुष्कळ घरांत मुलाच्या वाट्याला ‘चिडलाय’ आणि ‘रडतोय’ एवढेच येते. मुलगा असेल तर वर ‘मुलगा असून रडतोस?’ हेही. ‘ताईने मनोरा पाडला म्हणून तुझा हिरमोड झाला ना?’ असे कोणी म्हटले, की मुलाला आपल्या अवस्थेचे नाव कळते. मॅथ्यू लिबरमन यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, छायाचित्रातल्या चेहऱ्यावरील भावनेला शब्द दिल्यावर मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची खळबळ कमी झालेली दिसली. प्रयोग मोठ्या माणसांवरचा होता. पण ‘बोललं की मोकळं वाटतं’ या घरगुती अनुभवाशी तो जुळतो. भावना मान्य केली म्हणजे वागणे मान्य केले असे मात्र नव्हे. राग येऊ शकतो, ठोकळा मारायचा नाही, ही दोन्ही वाक्ये एकाच दमात सांगता येतात.

संयमाचे मूळही घरात सापडते. आत्ता एक मार्शमॅलो, थांबलास तर दोन, ही वॉल्टर मिशेल यांची परीक्षा मुलाच्या मनोनिग्रहाचे माप म्हणून गाजली. 2013 साली सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी तिला एक जोड दिली. आधी चांगले रंगसाहित्य आणतो असे सांगून काही मुलांना मोठ्यांनी ते आणून दिले, काहींना रिकाम्या हाताने परत येऊन निराश केले. शब्द पाळलेला पाहणारी मुले सरासरी 12 मिनिटे थांबली, फसलेली जेमतेम 3. प्रयोग अवघ्या 28 मुलांवरचा होता, पण ‘उद्या नक्की’ म्हणून विसरून जाणाऱ्या पालकांनी लक्षात ठेवावा असाच आहे.

बरोबरीच्यांशी जमवून घेणे मूल शिकते ते खेळात. लगोरीत कोण बाद यावरून भांडण होते, कट्टी होते, आणि खेळ पुढे न्यायचा तर बट्टी करावीच लागते. रडीचा डाव खेळणाऱ्याला पुढच्या वेळी कोणी आपल्या गटात घेत नाही. सगळ्यांत लहानग्याला मात्र ‘लिंबूटिंबू’ म्हणून सामावून घेतात: तो खेळतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही. दुबळ्यासाठी नियम वाकवण्याची ही रीत मुलांनी मुलांकडूनच उचलली. प्रत्येक भांडणात पंच व्हायला धावणारे मोठे ही शाळाच बंद पाडतात.

खऱ्या शाळेत हे शिकवता येते का, याचे उत्तर जोसेफ डर्लाक आणि सहकाऱ्यांच्या 2011 च्या आढाव्यात मिळते. 213 उपक्रम आणि सुमारे 2 लाख 70 हजार विद्यार्थी त्यात होते. अशा उपक्रमांतल्या मुलांचे वर्तन सुधारले, शिवाय अभ्यासातही ती इतरांपेक्षा 11 शतमक पुढे गेली. दिल्लीच्या सरकारी शाळांत जुलै 2018 पासून नर्सरी ते आठवीपर्यंत ‘हॅपिनेस’ अभ्यासक्रम सुरू झाला. त्यात गोष्टी, गप्पा आणि कृती होत्या, लेखी परीक्षा नव्हती. फळ्यावरचा रोजचा सुविचार हे काम करत नाही. कौशल्य टप्प्याटप्प्याने दाखवावे लागते, मुलांकडून प्रसंग वठवून घ्यावे लागतात. त्यासाठी बाहेरचा तज्ज्ञच हवा असे नाही. वर्गशिक्षकांनी चालवलेले उपक्रमही परिणामकारक ठरल्याचे त्याच आढाव्यात दिसले.