जुनी मोटार : पेट्रोलची कीं डिझेलची?

उसाचें बिल हातीं आलें, द्राक्षांचा माल मनासारखा गेला किंवा कापसाचे पैसे एकरकमी मिळाले म्हणजे पुष्कळ शेतकरी कुटुंबांत मोटार घेण्याची गोष्ट निघते. हा विचार आतां निव्वळ चैनीचा राहिलेला नाहीं. आजारी माणसास रात्रीं-अपरात्रीं तालुक्याच्या दवाखान्यांत नेणें, मुलांस शाळेंत पोंचविणें, बाजार समितींत वेळेवर हजर होणें, या सर्वांस घरचें वाहन लागतें. नवी मोटार पुष्कळांच्या आवाक्याबाहेरची असल्यामुळें ते वापरलेल्या मोटारीकडे वळतात. आणि तेथें पहिलाच प्रश्न उभा राहतो तो हा कीं, पेट्रोलवर चालणारी घ्यावी कीं डिझेलवर चालणारी? जुन्या मोटारीस पडणारे तीन-चार लाख रुपये शेतांत ठिबक सिंचनास किंवा शेततळ्यास घातले तर ते दरवर्षीं कांहीं ना कांहीं परत देतात. मोटारींत घातलेले पैसे मात्र दरवर्षीं घटत जातात. म्हणूनच या प्रश्नाचा निकाल ऐकीव मतावर न सोडतां हिशेबानें करावा, असें आम्हांस वाटतें.

खेड्यापाड्यांत या प्रश्नाचें उत्तर बहुधा आधींच ठरलेलें असतें. ‘डिझेलचीच घ्या,’ असें चार जण सांगतात. या मतास आधार नाहीं असें नाहीं. पुण्यास १९४६ सालीं किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली, आणि जेथें वीज पोंचली नव्हती अशा असंख्य विहिरींवर डिझेल इंजिनाचा ठोका ऐकूं येऊं लागला. पुढें ट्रॅक्टर आला तोही डिझेलचाच. थोडक्या तेलांत पुष्कळ काम करणारें आणि वर्षानुवर्षें टिकणारें यंत्र, असा जो विश्वास आमच्या शेतकऱ्यांच्या मनांत बसला तो अनुभवाचा आहे. त्यांत भावाचीही भर पडली. पेट्रोलचा भाव जून २०१० मध्यें सरकारी नियंत्रणांतून सुटला, परंतु डिझेलचा भाव पुरता सुटण्यास ऑक्टोबर २०१४ उजाडावा लागला. या मधल्या काळांत दोहोंतील अंतर वाढत गेलें, व २०१२ सालीं तें कांहीं काळ लिटरमागें ३० रुपयांच्या घरांत पोंचलें होतें. त्या वेळीं ज्यानें डिझेलची मोटार घेतली त्यानें शहाणपणच केलें.

परंतु परिस्थिति पालटली आहे. २०२४ सालच्या उत्तरार्धांत मुंबईंत पेट्रोल सुमारें १०४ रुपये व डिझेल सुमारें ९० रुपये लिटर होतें. म्हणजे पूर्वींचें अंतर निम्म्याहून खालीं आलें. तरीही एकाच सालची, एकाच स्थितींतील डिझेल मोटार पेट्रोलच्या मोटारीपेक्षां बहुधा महाग मिळते. तेव्हां जास्त दिलेली किंमत इंधनाच्या बचतींतून किती वर्षांत वसूल होते, हाच या विषयांतील मुद्द्याचा प्रश्न होय.

त्याचें उत्तर काढण्यास आपली मोटार वर्षाकाठीं किती किलोमीटर चालेल हें प्रथम पाहावें. समजा, गांव तालुक्यापासून १२ किलोमीटर आहे व आठवड्यांतून तीन खेपा होतात. जाऊन-येऊन वर्षाचे ३,७४४ किलोमीटर झाले. महिन्यांतून एकदां जिल्ह्याच्या गांवीं जाणें-येणें १२० किलोमीटर धरलें तर त्याचे १,४४० झाले. लग्नकार्यें, देवदर्शन व पाहुणेरावळे यांचे आणखी १,००० धरावे. एकूण बेरीज ६,१८४. दारांतली मोटार फार फिरते असें आपणांस वाटत असतें. परंतु वहींत मांडून पाहिलें म्हणजे पुष्कळ घरीं आंकडा याच्याच आसपास येतो.

आतां इंधनाचा हिशेब पाहूं. लहान पेट्रोल मोटार लिटरला १६ किलोमीटर व तशाच आकाराची डिझेल मोटार २० किलोमीटर चालते असें धरूं. पेट्रोल १०४ रुपये व डिझेल ९१ रुपये धरल्यास पेट्रोलचा खर्च किलोमीटरला ६ रुपये ५० पैसे व डिझेलचा ४ रुपये ५५ पैसे पडतो. बचत १ रुपया ९५ पैसे. डिझेल मोटारीस ८०,००० रुपये जास्त मोजले आणि तिची वार्षिक देखभाल ५,००० रुपयांनीं महाग पडली असें समजूं. वर्षाला ६,००० किलोमीटर चालविणाऱ्याची इंधनांत बचत ११,७०० रुपये. देखभालीचा जादा खर्च वजा जातां ६,७०० रुपये उरतात. म्हणजे जादा दिलेले ८०,००० रुपये वसूल होण्यास सुमारें १२ वर्षें लागतील! मोटार घेतांनाच सात-आठ वर्षांची असेल तर त्याच्या पुष्कळ आधीं तिच्या नोंदणीचीं १५ वर्षें संपतील. उलट जो वर्षाला २०,००० किलोमीटर चालवितो त्याची बचत ३९,००० रुपये होते. देखभालीचे जादा ७,००० वजा केले तरी ३२,००० उरतात, व अडीच वर्षांत रक्कम फिटते. मोटार पुढें विकतांना जादा किंमतीचा कांहीं भाग परत येतो हें खरें. तो ज्यानें त्यानें आपल्या अंदाजानें वजा करावा. भाव व किंमती स्थलकालपरत्वें बदलतील, परंतु हिशेबाची रीत हीच राहील.

केवळ पैशाचा हिशेब मात्र पुरेसा नाहीं. यंत्राचा स्वभावही पाहिला पाहिजे. पेट्रोल इंजिनांत हवा व इंधन यांचें मिश्रण ठिणगीनें पेटतें. डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. तेथें हवा मूळच्या पंधराव्या ते अठराव्या हिश्शापर्यंत दाबली जाते, आणि त्या दाबानें तापलेल्या हवेंत फवारलेलें डिझेल आपोआप पेट घेतें. या अधिक दाबामुळें इंधनांतील उष्णतेचा अधिक भाग कामीं येतो; शिवाय एक लिटर डिझेलमध्यें पेट्रोलपेक्षां सुमारें दहा टक्के उष्णता मुळांतच जास्त असते. डिझेलचें एव्हरेज जास्त येतें तें यामुळें. परंतु तो दाब सोसण्यासाठीं इंजिनाचे भाग जड व भक्कम करावे लागतात, तें तापण्यास वेळ घेतें, आणि तापल्यावांचून त्याचें काम नीट होत नाहीं. विहिरीवरील इंजिन एकदां सुरू केलें म्हणजे चार-सहा तास एका चालीनें चालतें, व तेंच त्याला मानवतें. घरापासून दूध संघापर्यंत आणि तेथून शाळेपर्यंत अशा दोन-दोन किलोमीटरच्या खेपा करणाऱ्या मोटारीस तें सुख लाभत नाहीं.

नव्या डिझेल मोटारींच्या बाबतींत ही गोष्ट अधिकच जाचक झाली आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम देशभर लागू झाले, व डिझेल मोटारीच्या धुराच्या नळींत काजळी अडविणारा फिल्टर आला. सांचलेली काजळी जाळण्यासाठीं मोटार मोकळ्या रस्त्यावर बऱ्यापैकीं वेगानें पंधरा-वीस मिनिटें सलग चालावी लागते. तशी ती चाललीच नाहीं तर फिल्टर तुंबतो, आणि तो बदलण्याचा खर्च मोठा असतो. कांहीं गाड्यांत धुरांतील विषारी वायु मारण्यासाठीं शुद्ध युरियाचें द्रावणही घालावें लागतें. शेतांतला युरिया पाण्यांत कालवून तें काम होत नाहीं, हें आमच्या बांधवांनीं पक्कें ध्यानांत ठेवावें. याच सुमारास मारुति सुझुकीनें डिझेल मोटारी करणें थांबविलें. रांजणगांवच्या फियाट कारखान्यांतही तयार होणारें १.३ लिटरचें डिझेल इंजिन निरनिराळ्या कंपन्यांच्या अनेक मोटारींत बसलेलें असल्यामुळें त्याचे जाणकार मिस्त्री व सुटे भाग अद्यापि मिळतात. परंतु कमी खपलेल्या डिझेल मोटारीचे भाग तालुक्याला मिळतात कीं नाहीं याची चौकशी आधींच करावी.

आणखी एक गोष्ट शेतकऱ्यांस विशेषेंकरून सांगावीशी वाटते. ट्रॅक्टरसाठीं पिंपांत भरून ठेवलेलें डिझेल मोटारींत ओतण्याचा मोह टाळावा. पिंपांत पाणी सुटतें, धूळ जाते, गंज उतरतो. जुन्या धाटणीचें ट्रॅक्टरचें इंजिन तें कांहीं अंशीं सोसतें; परंतु आधुनिक मोटारीचा उच्च दाबाचा पंप व इंजेक्टर यांचीं छिद्रें इतकीं सूक्ष्म असतात कीं थोड्याशा घाणीनें तीं खराब होतात, व त्यांच्या दुरुस्तीच्या एका बिलांत वर्षाची बचत बुडून जाते.

याचा अर्थ पेट्रोलची मोटार निर्दोष आहे असा नव्हे. आपल्याच साखर कारखान्यांत होणारें इथेनॉल आतां पेट्रोलमध्यें २० टक्क्यांपर्यंत मिसळलें जातें. ऊस पिकविणाऱ्यास ही गोष्ट हिताची. परंतु इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या सुमारें दोन-तृतीयांश असल्यामुळें एव्हरेज थोडें घटतें. नीति आयोगाच्या २०२१ सालच्या अहवालांत अशा मिश्रणासाठीं न बनविलेल्या चारचाकींत ही घट ६ ते ७ टक्के होईल असा अंदाज दिला होता. वरील हिशेबांतील १६ किलोमीटर हे ती घट धरूनच घेतले आहेत. एप्रिल २०२३ पूर्वींच्या मोटारींत इंधनाच्या रबरी नळ्या व वायसर मिस्त्रीकडून तपासून घ्यावे. इथेनॉल हवेंतील ओल शोषून घेतें, म्हणून महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या मोटारीच्या टाकींत जुनें पेट्रोल ठेवूं नये.

मोटार पाहण्यास जावयाचें तें सकाळीं, इंजिन थंड असतांना जावें, आणि आपल्या विश्वासाचा मिस्त्री बरोबर न्यावा. मालकानें ती आधींच सुरू करून तापविली असेल तर पुन्हां दुसऱ्या दिवशीं जावें. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. दाट काळा धूर म्हणजे इंजेक्टर किंवा हवेचा मार्ग बिघडला आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर टिकला तर पाणी आंत शिरत असण्याचा संभव असतो. चालू इंजिनाचें ऑइलचें झांकण उघडून पाहावें. तेथून जोराचा भपकारा येत असेल तर यंत्र आंतून झिजलें आहे असें समजावें. डिझेल मोटार भाड्यानें चालली होती काय, हें सर्व्हिसच्या नोंदींवरून ताडून पाहावें. २०१९ सालीं कोल्हापूर-सांगलींत व २०२१ सालीं चिपळुणांत महापूर आले; पुरांत बुडालेल्या मोटारी धुवून-पुसून विकावयास येऊं शकतात. गालिच्याखालीं व आसनांच्या सळ्यांवर गाळ किंवा गंज दिसल्यास तो व्यवहार सोडून द्यावा.

कागदपत्रांची हयगय करूं नये. नोंदणी पुस्तकांतील इंधनाचा प्रकार, इंजिन व चासी यांचे नंबर प्रत्यक्ष जुळवून पाहावे. मोटारीवर कर्जाचा बोजा असेल तर वित्तसंस्थेचा दाखला व फॉर्म ३५ घेतल्यावांचून पुरते पैसे देऊं नयेत. मालकी बदलण्यास फॉर्म २९ व ३० लागतात. परराज्यांतील मोटारीस तेथील ना-हरकत दाखलाही पाहिजे. दिल्ली व भोंवतालच्या भागांत दहा वर्षांवरील डिझेल मोटारींस राष्ट्रीय हरित लवादानें २०१५ सालीं मनाई केली, व सर्वोच्च न्यायालयानें ती २०१८ सालीं उचलून धरली. २०२५ सालीं तो कडकपणा कांहीं अंशीं सैल झाला. हा हुकूम महाराष्ट्रासाठीं नव्हता, तरी तिकडील जुन्या डिझेल मोटारी स्वस्तांत इकडे येण्याचें हें एक कारण होय. अशी मोटार घेतांना तिचें वय व येथें नोंदणीस लागणारा कर प्रथम विचारून घ्यावा.

सारांश, ज्याची मोटार वर्षाला दहा-बारा हजार किलोमीटरांच्या आंत व आंखूड खेपांत चालावयाची आहे त्यानें पेट्रोलची घ्यावी. ज्यास भाजीपाला, फळें किंवा माणसें घेऊन आठवड्यांतून कित्येकदां लांब मजला माराव्या लागतात, घाट चढावे लागतात व जो वर्षाला पंधरा हजारांच्या वर जातो त्यास डिझेल अद्यापि लाभाचें आहे. या दोहोंच्या मध्यें ज्याचा आंकडा पडतो त्यानें इंधनाचा वाद बाजूस ठेवून, दोहोंपैकीं ज्या मोटारीचें यंत्र निरोगी व कागद स्वच्छ ती घ्यावी. आणि विसार देण्यापूर्वीं एक महिनाभर, घरांतील सर्वांचें येणें-जाणें किती किलोमीटरांचें होतें तें रोजच्या रोज वहींत टिपून ठेवावें. त्यास बारानें गुणलें म्हणजे आपल्या दारीं कोणती मोटार शोभेल याचा निर्णय करण्यास दलालाच्या सल्ल्याची गरज पडणार नाहीं.