उंसाचें सॉफ्टवेअर आणि शेतकऱ्याचा प्रश्न

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं ऊंस आहे. म्हणून बारामती व इंदापूर तालुक्यांतील वाचकांपुढें एक प्रश्न मांडावा असें आम्हांस वाटतें. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनें उंसाच्या शेतींत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग चालविला, आणि २०२५ सालीं मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनीं त्याचें नांव जगापुढें घेतलें. उपग्रहाचीं चित्रें, हवामानाचें यंत्र व मातींत पुरलेले संवेदक यांची माहिती एकत्र करून सॉफ्टवेअर शेतकऱ्याच्या मोबाईलवर सल्ला पाठवितें.

हें वर्णन ऐकून बांधावर उभा असलेला गृहस्थ काय म्हणेल? ‘बरें, पण मला त्याचा काय उपयोग?’ हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हे. ओल मोजणें हा यंत्राचा गुण झाला. आज पाणी द्यावयाचें कीं नाहीं हें कळणें हा शेतकऱ्याचा लाभ. विकणाऱ्याला गुणाचें कौतुक असतें, कारण तो त्यानेंच घडविलेला असतो. घेणाऱ्याची नजर मात्र स्वतःच्या शेतावर असते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर काढला, तेव्हां लोखंडानें जमीन नासेल अशी भीति शेतकऱ्यांस वाटे, व गिऱ्हाईक मिळण्यास फार वेळ लागला. अशा माणसास लोखंडाची जात सांगून काय होणार? त्यास नांगरलेलें रानच दाखवावें लागतें.

परंतु लाभ सांगणें हें गुण सांगण्यापेक्षां अधिक जोखमीचें आहे, ही गोष्ट विक्रेते सहसा बोलत नाहींत. गुण यंत्रांत असतो, लाभ परिस्थितीवर अवलंबून राहतो. ‘पाणी वांचेल’ म्हणणें सोपें आहे. पण कालव्याची पाळी आपल्या हातीं नसते. सॉफ्टवेअरनें मंगळवारीं पाणी द्या म्हणून सांगितलें आणि पाळी रविवारीं आली, तर तो सल्ला मोबाईलमध्येंच राहतो. विहीर व ठिबक असलेल्यास मात्र त्याचा खराच उपयोग होतो. शिवाय पाणीपट्टी पिकाच्या क्षेत्रावर आकारली जात असेल, तर पाणी वांचल्यानें पैसा वांचत नाहीं. अशा शेतकऱ्यास निराळा लाभ सांगावा लागेल, आणि तो नीरा डाव्या कालव्याखालीं राहणाऱ्यांस समजावून देण्याची गरज नाहीं. अति पाण्यानें चोपण झालेलें रान त्यांनीं पाहिलेलें आहे. पाणी मोजून दिलें तर जमीन नातवंडांसाठीं शिल्लक राहील.

तेव्हां कोणी असें सॉफ्टवेअर घेऊन घरीं आल्यास मुलांनीं वडिलांजवळ बसावें व त्यास विचारावें: हा लाभ कोणत्या गुणामुळें होतो, आणि आमची पाळी, आमची विहीर, आमची माती पाहून तुम्हीं तो सांगितलात काय?