कोडे कसे चालते: तिफण, गॉलम आणि वेताळ

अद्भुतकथेत एक प्रसंग हमखास येतो. नायक एकटा असतो, समोरचा त्याच्याहून बलवान असतो आणि मारामारी झाली तर निकाल ठरलेलाच असतो. अशा वेळी समोरचा म्हणतो, "माझ्या प्रश्नाचे उत्तर दे." तिथे बळाचा हिशेब संपतो आणि बुद्धीचा सुरू होतो. विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ, तळ्याकाठचा यक्ष, टॉल्किन यांच्या 'द हॉबिट'मधला गॉलम हे सगळे याच वाटेने आलेले आहेत.

या प्रसंगातले कोडे कसे बनते, ते कुठून आले आणि कथेत काय काम करते, हे एकेक भाग सुटा करून पाहू. सुरुवात मात्र शेतातून करू, कारण कोड्याचे मूळ घर तिथे आहे.

आधी एक कोडे रचू

बिलोली तालुका नांदेड जिल्ह्यात, तेलंगणाच्या सीमेवर आहे. मांजरा नदी तालुक्याच्या कडेने वाहत जाऊन गोदावरीला मिळते आणि येसगीचा पूल ओलांडला की तेलुगू मुलूख सुरू होतो. या काळ्या रानात ट्रॅक्टरवरचे पेरणीयंत्र येण्याआधी पेरणी व्हायची ती तिफणीने. तिफणीला तीन फण. वर लाकडी चाडे, चाड्यातून खाली उतरणारे तीन नळे. पुढे बैल ओढतात, मागे चालणारी बाई चाड्यावर मूठ धरते आणि बी नळ्यांतून थेट तासात पडते. तिफणीचे एक कोडे रचू:

एका तोंडानं खाते,
तीन पायांनी चालते;
पोटच नाही, म्हणून खाल्लेलं
वाटेतच सांडते.
सांडलेलं कुणी उचलीना,
उलट माती लोटते;
आठ दिवसांत वाटेवर त्या
हिरवी रेघ उठते.

यात चार गोष्टी केल्या आहेत. पहिली, निर्जीव वस्तूला जीव दिला. चाड्याचे तोंड झाले, फणांचे पाय झाले. दुसरी, अशक्य वाटणारी गोष्ट सांगितली. तोंड आहे, खाणे आहे, पण पोट नाही. ऐकणारा इथे अडतो, कारण असा प्राणी त्याने पाहिलेला नाही. तिसरी गोष्ट म्हणजे चकवा. 'सांडते' म्हटल्यावर मनात नासाडी येते, आणि खरे काम तर त्याच्या अगदी उलट आहे. चौथी गोष्ट खूण. हिरवी रेघ ही पेरणीची उघड खूण आहे, फक्त ती शेवटपर्यंत राखून ठेवली.

चांगल्या कोड्याची परीक्षा उत्तर सांगून झाल्यावर होते. 'तिफण' म्हटल्यानंतर प्रत्येक ओळ खरी ठरली पाहिजे. एखादी ओळ नुसती यमकासाठी घातलेली निघाली, तर ऐकणाऱ्याला फसवल्यासारखे वाटते. कोड्यात दिशाभूल चालते, खोटे चालत नाही. हा नियम ध्यानात ठेवा, कारण अद्भुतकथेतला सगळा थरार त्याच्यावर उभा आहे.

नांगर बोलू लागतो

आता हजार वर्षे मागे, इंग्लंडमध्ये जाऊ. एक्सेटर शहराच्या कॅथीड्रलमध्ये दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिहिलेले एक हस्तलिखित आहे. लिओफ्रिक नावाच्या बिशपने ते कॅथीड्रलला दिले. तो १०७२ मध्ये वारला, आणि पुस्तक आजही तिथेच आहे. या पुस्तकाने बरेच भोगले आहे. सुरुवातीच्या पानावर सुरीने कापल्याच्या रेघा आहेत, भांडे ठेवल्याचा डाग आहे आणि शेवटची कित्येक पाने जळून त्यांना भोके पडली आहेत. त्यात जुन्या इंग्रजीतली, म्हणजे अँग्लो-सॅक्सन लोकांच्या भाषेतली, नव्वदहून अधिक कोडी आहेत.

त्यांतले एक कोडे बिलोलीच्या शेतकऱ्याला दोन ओळींत सुटेल. बोलणारा सांगतो की त्याचे नाक जमिनीकडे असते, तो माती उकरत खोल जातो, त्याचा धनी वाकून मागून चालतो आणि पुढे जाताना त्याच्या एका अंगाला हिरवे असते, तर दुसऱ्या अंगाला काळा माग उमटतो. उत्तर अर्थातच नांगर. अजून नांगर न लागलेले गवत एकीकडे आणि नुकतीच उलटलेली ओली माती दुसरीकडे, हे दृश्य ज्याने पाहिले आहे त्याला वेगळी खूण लागत नाही.

अँग्लो-सॅक्सन कोड्यांची खास तऱ्हा हीच: वस्तू स्वतःच 'मी' म्हणून बोलते आणि शेवटी 'माझे नाव सांग' असे आव्हान देते. नांगर, ढाल, कांदा, हंस, जहाजाचा नांगर असे सगळे बोलतात. एका कोड्यात तर मारलेल्या जनावराचे कातडे आपली कथा सांगते: भिजवले, उन्हात ठेवले, सुरीने खरवडले, मग पिसाने त्याच्यावर शाईचे थेंब सोडले आणि शेवटी ते पवित्र ग्रंथ झाले.

या हस्तलिखिताची एक मोठी गोष्ट म्हणजे त्यात उत्तरे लिहिलेली नाहीत. बहुतेक कोड्यांवर अभ्यासकांचे एकमत आहे, काहींवर आजही वाद चालू आहे. या मुद्द्याकडे आपण परत येऊ.

गॉलमच्या गुहेत

जे. आर. आर. टॉल्किन १९२५ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठात अँग्लो-सॅक्सन भाषेचे प्राध्यापक झाले. त्याआधी लीड्स विद्यापीठात असताना, १९२३ मध्ये, त्यांनी जुन्या इंग्रजीत स्वतः दोन कोडी रचून छापली होती. त्यांतले एक अंड्याचे होते. १९३७ मध्ये 'द हॉबिट' आले. त्याच्या पाचव्या प्रकरणात डोंगराच्या पोटातल्या तळ्याकाठी कथेचा नायक बिल्बो आणि तिथे राहणारा गॉलम कोड्यांचा सामना खेळतात. बिल्बो जिंकला तर गॉलमने बाहेरची वाट दाखवायची, हरला तर गॉलम त्याला खाणार.

इथे कोडी नीट वाचली की टॉल्किन यांची कारागिरी कळते. गॉलम विचारतो डोंगर, वारा, अंधार, मासा, काळ. बिल्बो विचारतो दात, फुलांवर पडलेले ऊन, अंडे. ज्याने जे आयुष्य जगले, तेच त्याच्या कोड्यात उतरते. दोघांची ओळख करून द्यायला लेखकाला वेगळा परिच्छेद लिहावा लागत नाही.

आणि इथेच 'खोटे चालत नाही' हा नियमही पणाला लागतो. हा खेळ फार जुना आणि पवित्र, दुष्टसुद्धा त्यात लबाडी करायला कचरतात, असे कथाच सांगते. तरी शेवटी बिल्बो विचारून बसतो की माझ्या खिशात काय आहे. हे कोडे नाही. यात खूण नाही, चकवा नाही, विचार करून सुटण्याची वाटच नाही. ही युक्तीही जुनी आहे. उत्तरेकडच्या नॉर्स लोकांच्या हेद्रेक राजाच्या सागेत वेष पालटून आलेला ओडिन देव राजाला कोड्यांमागून कोडी घालतो आणि शेवटी विचारतो की आपला मुलगा बाल्डर याच्या कानात ओडिनने काय सांगितले. ते ओडिनशिवाय कुणालाच माहीत नाही. राजा संतापून तलवार उपसतो. खेळाचा नियम मोडला की पुन्हा बळाचे राज्य सुरू होते, हे दोन्ही कथा सांगतात.

गोदावरीकाठचा वेताळ

आता आपल्या नदीवर येऊ. सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मीरमध्ये 'कथासरित्सागर' रचला. त्यातला वेताळाला खांद्यावर घेणारा राजा त्रिविक्रमसेन गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. जी गोदावरी पैठणहून नांदेडला येते आणि पुढे मांजरेला सोबत घेते, तिच्याच काठची ही कथा आहे.

एका भिक्षूच्या सांगण्यावरून राजा झाडावरचे प्रेत न बोलता आणायला जातो आणि त्या प्रेतातच वेताळ असतो. वेताळाचे कोडे वस्तूचे नसते, न्यायाचे असते. तो गोष्ट सांगतो आणि विचारतो: यात दोष कुणाचा? हक्क कुणाचा? अट अशी की उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोके फुटेल. आणि बोललास तर मौन मोडले म्हणून प्रेत पुन्हा झाडावर. राजाचे शहाणपणच त्याला दर वेळी मागे नेते. शेवटच्या कथेत बाप एका मुलीशी आणि त्याचा मुलगा त्या मुलीच्या आईशी लग्न करतो. त्यांच्या मुलांचे एकमेकांशी नाते काय? राजापाशी उत्तर नाही, म्हणून तो गप्प राहतो. वेताळ प्रसन्न होतो आणि राजाला फसवू पाहणाऱ्या भिक्षूचा डाव उघड करतो.

महाभारताच्या वनपर्वातला यक्ष आणखी पुढे जातो. उत्तर न देता पाणी पिणारे चार भाऊ पडलेले आहेत. युधिष्ठिर सगळी उत्तरे देतो, तरी खरी परीक्षा नंतरच असते: एकच भाऊ उठवता येईल, तर कोणता? तो नकुलाला निवडतो, कारण कुंतीचा एक मुलगा जिवंत आहे, माद्रीचाही एक असायला हवा.

वस्तू, न्याय आणि शील अशी ही तीन तऱ्हेची कोडी. तिन्हींत दुबळ्याला बलवानासमोर बरोबरीने उभे करण्याची सोय आहे. म्हणूनच अद्भुतकथा कोड्याला सोडत नाही.

उत्तर हरवण्याआधी

एक्सेटरची काही कोडी आज का सुटत नाहीत? एक कारण सरळ आहे: ती ज्या जगण्यातून आली ते जगणे राहिले नाही. वस्तू हातातून गेली की कोड्याचे शब्द उरतात आणि उत्तर जाते.

आपल्याकडे हे डोळ्यांदेखत घडते आहे. उन्हाळ्यात माळवदावर अंथरुणे पडली की पोरांना कोडी घालायची आणि अडले की 'हरलो म्हण' म्हणून छेडायचे, ही मराठवाड्यातली रीत. त्या कोड्यांत जाते, मोट, चाडे, उखळ असायचे. आज घरात मोट न पाहिलेली पिढी कर्तीसवरती झाली आहे. बिलोलीसारख्या गावात तर हा ठेवा तिप्पट आहे: मराठीतली कोडी आणि उखाणे, तेलुगूतल्या पोडुपु कथा आणि दखनी-उर्दूतल्या पहेल्या एकाच बाजारात, एकाच शाळेच्या पटांगणात ऐकू येतात.

म्हणून शाळांनी आणि घरांनी ही कोडी लिहून घ्यावीत. लिहिताना चार गोष्टी पाळाव्यात. कोडे बोलीत जसे ऐकले तसेच लिहावे, शुद्ध करू नये. उत्तर सोबत लिहावे. त्या वस्तूचे चित्र काढून प्रत्येक भागाचे नाव द्यावे, कारण चाडे माहीत नसेल तर तोंड कळणार नाही. आणि कोडे कोणत्या गावी, कोणत्या भाषेत मिळाले ते नोंदवावे. मुलांसाठी अद्भुतकथा लिहू पाहणाऱ्या मराठी लेखकालाही ही वही उपयोगी पडेल. त्याच्या राक्षसाने तिफणीचे कोडे घातले आणि मांजरेकाठच्या पोरीने ते सोडवले, तर ती कथा नक्कल राहणार नाही, आपली होईल.