जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेचे कुलूप कोण उघडणार?

जानेवारी 2025 मध्ये बुलडाणा जिल्ह्याचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. कारण अभिमानाचे नव्हते. शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आजूबाजूच्या गावांत माणसांचे केस मुळासकट हातात येऊ लागले. चार-आठ दिवसांत डोक्याचे टक्कल! म्हातारी माणसे, बाया, शाळकरी पोरे, कोणीच सुटले नाही. बाधितांचा आकडा 250 च्या पुढे गेला. कोणी शाम्पूला दोष दिला, कोणी खारपाण पट्ट्यातील पाण्याला, कोणी बुरशीला. बाहेरगावचे लोक या गावांशी सोयरीक करायला कचरू लागले. आयसीएमआरची पथके आली आणि नमुने घेऊन गेली. पुढे एप्रिलमध्ये त्याच भागातून नखे गळत असल्याच्या तक्रारी आल्या.

या प्रकरणात महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर गावात आले. बाधितांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियमचे प्रमाण प्रचंड वाढलेले आहे, जस्ताचे प्रमाण घटलेले आहे आणि हे सेलेनियम रेशनच्या गव्हातून आले असावे, असे निष्कर्ष त्यांनी मांडले. हे बावस्कर म्हणजे विंचूदंशावरील संशोधन 1982 साली लॅन्सेटसारख्या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आणणारे डॉक्टर. जालना जिल्ह्यातील खेड्यात, गरीब शेतकऱ्याच्या घरी जन्मलेले. ज्या महाडात 1927 साली बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी पेटवले, त्याच महाडात त्यांनी आयुष्यभर रुग्ण तपासले.

आता प्रश्न असा की, ज्या गावात केस गळत होते त्या गावातील, त्या तालुक्यातील बारावी विज्ञान शिकणारी मुले काय करीत होती? त्यांच्या पुस्तकात याची चावी होती. सेलेनियम हे गंधकाच्या कुळातले मूलद्रव्य. केस आणि नखे ज्या केरॅटिन नावाच्या प्रथिनाची बनतात, त्याची मजबुती गंधकाच्या बंधांवर असते. सेलेनियम प्रमाणाबाहेर शरीरात गेले की ते गंधकाची जागा बळकावते आणि केसाची पकड सुटते, असे विषशास्त्र मानते. अणूचे कुटुंब रसायनशास्त्रात आहे, प्रथिने जीवशास्त्रात आहेत. पण ही दोन पाने जोडून आपल्या मायबापाच्या डोक्यावर काय चालले आहे हे विचारण्याची सवय त्या मुलांना कोणी लावली होती काय? आणि रेशनचा गहू कोण खातो? ज्यांच्या घरी स्वतःच्या शेताचा गहू नाही तो खातो. म्हणजे आपला माणूस खातो. म्हणूनच अकरावी-बारावीचे जीवशास्त्र हा केवळ डॉक्टर होण्याचा विषय नसून तो आपल्या जगण्या-मरण्याचा विषय आहे, हे चळवळीने समजून घेतले पाहिजे.

वास्तविक जीवशास्त्र शिकायला बुलडाण्यासारखा जिल्हा शोधून सापडणार नाही. लोणारचे सरोवर उल्कापाताने बेसॉल्ट खडकात तयार झालेले, खारट आणि अल्कधर्मी पाण्याचे. त्या पाण्यात तग धरणारे सूक्ष्मजीव पाहायला देश-विदेशातील संशोधक येतात. जून 2020 मध्ये हे पाणी गुलाबी झाले तेव्हा क्षार-प्रेमी सूक्ष्मजीवांमुळे तसे झाल्याचे प्रयोगशाळेतील तपासणीतून पुढे आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. टिपेश्वरच्या अभयारण्यातून निघालेला एक वाघ 1300 किलोमीटरहून अधिक पायपीट करून डिसेंबर 2019 मध्ये ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. आणि पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्टा तर परासरणाचा जिवंत धडाच आहे. विहिरीला पाणी आहे पण ते पिकाला चालत नाही, कारण मातीतील क्षार मुळांना पाणी ओढू देत नाहीत. मग कोरडवाहू शेती, मग मजुरीसाठी सुरत-पुणे. पुस्तकातले परासरण आणि घरातले स्थलांतर हे असे एकमेकांना लागून आहे. पण लोणारपासून हाकेच्या अंतरावरच्या किती मुलांनी त्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहिला आहे?

पहिली भिंत भाषेची आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत, आश्रमशाळेत, गावच्या हायस्कुलात शिकलेला मुलगा दहावीपर्यंत पेशी, तंतुकणिका, हरितलवक, गुणसूत्र, सूत्री विभाजन असे शब्द शिकतो. त्याला ते समजलेलेही असतात. जून उलटला, अकरावी सुरू झाली की तोच मुलगा एका रात्रीत अडाणी ठरतो. पेशीचे सेल होते, हरितलवकाचे क्लोरोप्लास्ट, सूत्री विभाजनाचे मायटोसिस आणि अर्धगुणसूत्री विभाजनाचे मिऑसिस. ज्ञान तेच, फक्त शब्द बदलले. पण शब्द बदलताना मधला पूल कोणी बांधला नाही. मुलाला वाटते, आपल्यालाच डोके नाही. तो घोकंपट्टी करतो, नाहीतर दिवाळीनंतर कला शाखेत बदली मागतो. वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा 2017 पासून मराठीतूनही देता येते. पण जी दोन वर्षे शिकायचे ती इंग्रजीतून आणि पेपर तेवढा मराठीतून, ही सोय कोणाच्या कामाची? म्हणून मराठी पर्याय घेणारे थोडेच निघतात. हा भाषेचा अडसर आपल्या मुलांच्या बुद्धीचा पुरावा म्हणून दाखवला जातो, हे अधिक संतापजनक आहे.

दुसरी भिंत पैशाची आहे. नीटचा पेपर 720 गुणांचा, त्यातले 360 गुण एकट्या जीवशास्त्राचे. म्हणजे निम्मी परीक्षा या एका विषयावर. 2024 साली देशभरातून 24 लाखांच्या आसपास मुलांनी नोंदणी केली आणि एमबीबीएसच्या जागा लाख-सव्वा लाखाच्या घरात. या चिंचोळ्या दारासमोर शिकवणीचा बाजार भरला. लातूर, नांदेड, अकोला ही नावे आता शहरांची राहिली नाहीत, ती शिकवण्यांची झाली. ज्याची ऐपत आहे तो मुलाला अकोल्याला ठेवतो आणि नाव मात्र खेड्यातल्या एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयात दाखल करतो. तिथे हजेरी कागदावर लागते. 2018 साली शासनाने विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली, पण हा धंदा काही बंद पडला नाही.

याचा तोटा कोणाला? जो शिकवणीला जाऊ शकत नाही त्याला! कारण मुलेच येत नाहीत म्हटल्यावर वर्ग भरत नाही, प्रयोगशाळा उघडत नाही. बारावीच्या जीवशास्त्राच्या 100 गुणांपैकी 30 गुण प्रात्यक्षिकाचे असतात. अनेक ठिकाणी ही प्रात्यक्षिके वहीतच पार पडतात. विनाअनुदानित तुकडीवर तुटपुंज्या मानधनात राबणाऱ्या शिक्षकाला तरी किती दोष द्यायचा? सूक्ष्मदर्शक कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली संस्थाचालकाच्या खिशात, अशी ही अवस्था. मोलमजुरी करणाऱ्या बापाची मुलगी रोज एसटीने तालुक्याला येते आणि बंद वर्ग पाहून परत जाते. तिला पुढे गुणवत्ता नाही म्हणून हिणवले जाते.

गुणवत्तेचा हा डंका नवा नाही. 1951 साली चंपकम दोराईराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मद्रास प्रांताचा जातवार जागावाटपाचा आदेश रद्द ठरवला. तो वादही वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशाचाच होता. त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती झाली आणि कलम 15(4) आले. तेव्हा कायदामंत्री बाबासाहेब होते. म्हणजे आज आपल्या मुलाला वैद्यकीय महाविद्यालयात जी राखीव जागा मिळते, तिच्या मुळाशी ती दुरुस्ती आहे. 2022 च्या जानेवारीत नीटमधील ओबीसी आरक्षणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले की, खुल्या परीक्षेतील गुण म्हणजेच गुणवत्ता असे मानता येणार नाही, कारण त्या गुणांमागे कुटुंबाची सामाजिक आणि आर्थिक पुंजी असते. आपण जे वर्षानुवर्षे बोलत होतो ते न्यायालयाने मान्य केले. आणि आत पोहोचल्यावरही लढा संपत नाही. शेजारच्या जळगाव जिल्ह्यातील आदिवासी डॉक्टर पायल तडवी हिने मे 2019 मध्ये मुंबईत आत्महत्या केली. जातीवरून छळ झाल्याचा आरोप तिच्या कुटुंबाने केला. तो हुंदका आपण विसरता कामा नये.

आपल्या मुलांनी जीवशास्त्र शिकण्याला आणखी एक कारण आहे. जात रक्तातच असते, वंश शुद्ध ठेवण्यासाठी जात हवी, हा युक्तिवाद बाबासाहेबांनी 1936 साली अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्टमध्ये जीवशास्त्राच्याच कसोटीवर घासून फेकून दिला. पुढे 1948 च्या द अनटचेबल्समध्ये त्यांनी नाकाच्या मोजमापांची आकडेवारी घेऊन ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगवेगळ्या वंशाचे नाहीत असे दाखवले. अर्थशास्त्राचा आणि कायद्याचा माणूस आपल्या काळातले वंशशास्त्र वाचतो आणि त्याच हत्याराने विरोधकाला निरुत्तर करतो! बारावीत मेंडेलचे नियम आणि रक्तगटाचा धडा शिकणाऱ्या मुलाला हे सांगायला हवे की, ए, बी, एबी आणि ओ हे रक्तगट सगळ्या जातींत सापडतात, जातीचा रक्तगट मात्र कोणत्याही प्रयोगशाळेत सापडत नाही. 2023 साली एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती वगळली. आपल्या राज्याच्या 2018 साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात मात्र आनुवंशिकता व उत्क्रांती हा पहिलाच धडा आहे. तो पहिलाच राहील याकडे आपले लक्ष असले पाहिजे. संविधानाच्या कलम 51-क नुसार वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे.

जीवशास्त्रातला आणखी एक धडा तर थेट आपल्या वस्तीत येतो. सिकलसेल! विदर्भात बौद्ध आणि आदिवासी समाजात या आजाराचे प्रमाण अधिक असल्याचे अनेक पाहण्यांत दिसले आहे. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते, एवढाच तो बदल. पण तेवढ्याने रक्तपेशी विळ्यासारखी वाकते आणि लेकरू आयुष्यभर वेदनेने तळमळते. आई आणि बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल जन्मण्याची शक्यता चारात एक. वाहक स्वतः सहसा आजारी नसतो, म्हणून त्याला कळतही नाही. साध्या रक्ततपासणीने हे लग्नाआधी समजू शकते. 2023 साली केंद्राने सिकलसेल निर्मूलन मोहीम जाहीर केली, पण मोहीम फलकावर राहून चालत नाही. पत्रिका जुळवणे आपण धम्मदीक्षेबरोबर सोडले. तिच्या जागी रक्ताचा अहवाल पाहण्याची रीत पाडायला काय हरकत आहे? आणि हे गावात समजावून सांगणार कोण? बारावी विज्ञानाची आपलीच मुलगी सांगू शकते.

ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यात बुलडाण्याचे आहे. महाविद्यालय दारात आले, पण त्या दारातून आत आपल्या गावची किती मुले जाणार? नुसती इमारत पाहून टाळ्या वाजवण्याचे दिवस गेले. त्यासाठी काही कामे आपल्यालाच हाती घ्यावी लागतील.

पहिले काम, दहावीची परीक्षा संपल्यापासून अकरावी सुरू होईपर्यंतच्या सुट्टीत बुद्ध विहारांत भाषेचा पूल बांधणारे वर्ग घ्यावेत. मराठी संज्ञा आणि इंग्रजी संज्ञा शेजारी शेजारी ठेवून पाचशे शब्द पक्के करून घेतले तरी मुलाची निम्मी भीती जाते. निवृत्त शिक्षक, परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आपल्या समाजात आता कमी नाहीत.

दुसरे, पालकांनी संघटितपणे कनिष्ठ महाविद्यालयात जाऊन विचारावे की, प्रयोगशाळा कोणत्या वारी उघडते, किती प्रात्यक्षिके झाली, सूक्ष्मदर्शक किती चालू आहेत? एकट्या बापाला हुसकावता येते, पन्नास पालकांना हुसकावता येत नाही.

तिसरे, शिष्यवृत्ती, शासकीय वसतिगृह आणि स्वाधार योजनेचे अर्ज जूनमध्येच भरले गेले पाहिजेत. दहावीला 75 टक्के मिळवणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला अकरावी-बारावीसाठी असलेल्या राजर्षी शाहू महाराज गुणवत्ता शिष्यवृत्तीत महिना 300 रुपये मिळतात. आजच्या बाजारात 300 रुपयांत एक संदर्भपुस्तकही येत नाही! ही रक्कम वाढवून घेणे हे आपल्या लोकप्रतिनिधींचे काम आहे.

चौथे, नीट हुकली म्हणजे आयुष्य हुकले, हे खूळ मुलांच्या डोक्यातून काढावे. जीवशास्त्र घेतलेल्या मुलासाठी नर्सिंग, औषधनिर्माण, प्रयोगशाळा तंत्रज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र, अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातील कृषी पदवी अशी अनेक दारे आहेत. केस गळतात तेव्हा गावाला डॉक्टर लागतो तसाच धान्य तपासणारा, पाणी तपासणारा, माती तपासणाराही लागतो.

1897 च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई आणि डॉ. यशवंत फुले यांनी रुग्णांची सेवा केली आणि त्यातच सावित्रीमाईंचा अंत झाला. माय रुग्ण उचलून आणत होती आणि लेक डॉक्टर होता. बहुजनांच्या वैद्यकीचा हा वारसा आहे. हा वारसा सांगणाऱ्या समाजाच्या मुलांसाठी तालुक्याची प्रयोगशाळा बंद राहत असेल तर ते आपल्याला शोभणारे नाही. येत्या जूनमध्ये जयंती मंडळांनी निदान एक काम करावे. आपल्या तालुक्यातील प्रत्येक विज्ञान महाविद्यालयाच्या दारात जाऊन ते कुलूप उघडायला लावावे.

जयभीम!