बाह्य हार्ड डिस्कची मंदगति व तिजवर उपाय

हल्लीं बहुतेक घरांत कपाटाच्या खणांत एखादी लहानशी काळी पेटी असते. तिच्या पोटांत घरांतील दहा-पंधरा वर्षांचीं छायाचित्रें, थोरल्या बहिणीच्या विवाहाचें चलच्चित्र, धाकट्याच्या बाप्तिस्म्याचीं चित्रें, आजोबांच्या आवाजांतील एखादी प्रार्थना, असा ठेवा सांठविलेला असतो. हीच बाह्य हार्ड डिस्क. कांहीं वर्षांनीं ती मंद होते. मग कोणी जाणता सांगतो कीं, ‘डीफ्रॅगमेंट करा.’ वडील रात्रीं तें काम सुरू करून निजतात, आणि सकाळीं पाहतात तों शेंकडा नऊ भागच उरकलेला! हें काम इतका वेळ कां घेतें व तो वेळ कसा वांचवितां येईल, हें येथें सांगण्याचा आमचा विचार आहे.

पेटीच्या आंत गुळगुळीत तबकडी फिरत असते व तिजवर अतिसूक्ष्म चुंबकीय खुणांनीं मजकूर लिहिलेला असतो. ग्रामोफोनच्या तबकडीशीं तिचें साम्य आहे. मात्र येथें मजकुराच्या रेषा एकाभोंवतीं एक अशा वर्तुळांच्या असतात, आणि वाचणारें टोंक तबकडीस स्पर्श करीत नाहीं. लहान बाह्य डिस्क बहुधा मिनिटास ५४०० फेरे घेते. वाचणारा दांडा एका वर्तुळावरून दुसऱ्यावर नेऊन हवा तो भाग त्याखालीं येईपर्यंत सुमारें १५ ते २० सहस्रांश सेकंद जातात. हा काळ क्षुल्लक वाटेल. पण तसा तो नाहीं. सलग लिहिलेला मजकूर हीच डिस्क सेकंदास १०० मेगाबाइट या वेगानें वाचूं शकते. एक गिगाबाइटचें चलच्चित्र सलग असेल, तर तें दहा सेकंदांत वाचून होईल. त्याचेच वीस हजार तुकडे जागोजाग विखुरलेले असतील, तर नुसत्या उड्या मारण्यांतच पावणेसात मिनिटें खर्च होतील.

हे तुकडे होतात तरी कसे? नाताळच्या उपासनेस उशिरा आलेलें मोठें कुटुंब डोळ्यांपुढें आणावें. मंदिर भरलेलें; एकास येथें, दुसऱ्यास तेथें, जागा मिळेल तसें बसावें लागतें. डिस्क भरत आली म्हणजे मोठ्या फाइलीची हीच गत होते. आतां त्या कुटुंबास एका बाकावर आणावयाचें, तर आधीं त्या बाकावरील मंडळींस उठवावें लागतें, त्यांच्यासाठीं पुन्हां तिसऱ्यांना. मोकळी जागा जितकी कमी, तितकी ही उठबस अधिक. म्हणून डिस्कचा निदान सातवा हिस्सा रिकामा केल्याखेरीज या कामास हात घालूं नये.

बाह्य डिस्कच्या बाबतींत आणखी एक अडचण असते. प्रत्येक तुकडा वायरींतून संगणकांत जातो व त्याच वायरींतून परत येतो. सन २००० मध्यें निघालेल्या यूएसबी २.० या पद्धतीच्या वायरींतून प्रत्यक्षांत सेकंदास सुमारें ३० मेगाबाइटच जातात. ५०० गिगाबाइटचा संग्रह असेल, तर एकदां नेण्यास साडेचार तास व परत आणण्यास तितकेच. आणि हा हिशेब प्रत्येक तुकडा एकदांच हालला असें धरून केलेला. सन २००८ मध्यें आलेल्या यूएसबी ३.० पद्धतीनें हीच डिस्क आपल्या पूर्ण वेगानें चालते. पुष्कळ घरांत असें होतें कीं, पेटीबरोबर आलेली रुंद टोंकाची वायर हरवते, आणि जुन्या मोबाइलची वायर तिच्या खांचेंत बसते म्हणून तीच लावली जाते. ती चालते खरी, पण जुन्या वेगानें! तेव्हां प्रथम वायर पाहावी, व संगणकाच्या ज्या खांचेंत निळें प्लास्टिक दिसतें तींत ती थेट जोडावी.

अलीकडच्या पुष्कळ मोठ्या बाह्य डिस्कांत आणखी एक गोम आहे. जागा वांचविण्यासाठीं त्यांतील वर्तुळें कौलांप्रमाणें एकावर एक थोडीं चढवून लिहिलेलीं असतात. बासेल मिशननें १८६५ मध्यें मंगळूर येथें कारखाना काढला, तेव्हांपासून मंगळुरी कौलें आपल्या कोंकणांत घरोघर माहीत झालीं. मधलें एक कौल बदलावयाचें, तर त्यावर चढलेलीं कौलें सरकवावीं लागतात, हें मुलांनीं पाहिलेलें असेल. या डिस्कांवर मध्येंच कांहीं लिहावयाचें झाल्यास शेजारचा पट्टाच्या पट्टा पुन्हां लिहावा लागतो. अशा डिस्कवर जागच्या जागीं डीफ्रॅगमेंट करणें म्हणजे छपराच्या मध्यावरून कौलें शाकारण्यास आरंभ करणें होय.

म्हणून आमच्या मतें जलद मार्ग निराळाच आहे. सर्व संग्रह दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावा, पहिली डिस्क फॉरमॅट करावी, आणि संग्रह परत भरावा. रिकाम्या डिस्कवर फाइली एकामागून एक सलग बसतात; उठबस मुळींच नाहीं. चांगली वायर असेल, तर ५०० गिगाबाइटचें हें जाणेंयेणें सुमारें तीन तासांत आटोपतें. जुने तुकडे वाचण्यास जातांना कांहीं वेळ अधिक लागेल, इतकेंच. नक्कल एका वेळीं एकच चालवावी. दोन चालविल्यास दांडा दोहोंमध्यें धांवूं लागतो.

येथें पालकांनीं स्वतः लक्ष घालावें. फॉरमॅट केल्यावर परत भरेपर्यंत घरच्या ठेव्याची जगांत एकच प्रत उरते. म्हणून त्याआधीं दोन्हीकडील फाइलींची संख्या व एकूण आकार जुळवावा, दहा-वीस चित्रें प्रत्यक्ष उघडून पाहावीं, आणि जीं पुन्हां मिळणार नाहींत तीं तिसऱ्या ठिकाणींही ठेवावीं. विजेचा भरंवसा नसल्यास बॅटरी भरलेल्या लॅपटॉपवर हें काम करावें.

डिस्क मंद होऊन शिवाय ‘टक् टक्’ आवाज करीत असेल, किंवा वाचतांना वारंवार अडत असेल, तर तो तुकड्यांचा दोष नव्हे. ती आजारी आहे. तिजवर डीफ्रॅगमेंट चालविणें म्हणजे तापकऱ्याला घाट चढावयास लावणें. प्रथम मोलाचीं चित्रें काढून घ्यावीं, मग बाकीचें.

दुसरी डिस्क ज्यांच्यापाशीं नाहीं त्यांनीं विंडोजमधील ‘अ‍ॅनालाइझ’ हें बटण दाबून आधीं तुकड्यांचें प्रमाण पाहावें. तें थोडें असल्यास कांहींच करूं नये. चार-पांच मेगाबाइटचीं छायाचित्रें फारशीं विखुरत नाहींत. विखुरतात तीं मोठीं चलच्चित्रें. तेवढींच संगणकावर हलवून, डिस्कवरील मूळ पुसून, परत ठेवलीं तरी भागतें. एकेक फाइल जोडणारी ‘कॉन्टिग’ नांवाची विनामूल्य युक्तिही आहे. पैसे घेऊन ‘दसपट वेग’ देऊं करणारे प्रोग्राम घेण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. दांड्याचा वेग कोणत्याही प्रोग्रामानें वाढत नाहीं.

पेनड्राइव्ह व एसएसडी यांत तबकडी नाहीं व दांडाही नाहीं. तेथें तुकड्यांमुळें विशेष अडत नाहीं, उलट वारंवार लिहिल्यानें त्यांचें आयुष्य मात्र कमी होतें. त्यांस डीफ्रॅगमेंट करूं नये.