चार्जरच्या पोटातला निर्णय
मोबाइलच्या चार्जरमधला स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो. दर खेपेला तो किती वेळ चालू ठेवायचा, हा खरा प्रश्न. साधी रीत फक्त आउटपुटचं व्होल्टेज पाहते. गोंगाटाला ती सहसा बधत नाही, पण इनपुट हललं की उशिरा जागी होते. दुसरी रीत कॉइलमधला करंटही दर फेरीला मोजते, म्हणून चपळ. जादा करंटला लगामही आपसूक बसतो. मात्र स्विच निम्म्याहून जास्त वेळ चालू राहू लागला, की एक फेरी लांब, एक आखूड अशी ती लंगडते. उपाय जुनाच : मोजलेल्या करंटमध्ये थोडा कृत्रिम चढ मिसळायचा. प्रोसेसरसारख्या लहरी भाराला घड्याळ न पाळणारी, ठरावीक चालू-वेळेची रीत मानवते. पण तिची फ्रिक्वेन्सी हलते. रेडिओशेजारी मी तरी ती ठेवणार नाही.