मुठीत मावणारं रबर

गाडीचं कौतुक करताना माणसं इंजिनाबद्दल बोलतात, ॲव्हरेजबद्दल बोलतात, फार तर टायरबद्दल. बुशचं नाव कुणी काढत नाही. लोखंडाला लोखंड भिडू नये म्हणून मधे बसवलेली ती रबराची नळी, आपल्या गुडघ्यातल्या कूर्चेसारखी. शाबूत असते तोवर तिची आठवणही होत नाही.

आमची जीप जुन्या बांधणीची, फोर व्हील ड्राइव्हची. स्वातंत्र्यानंतर महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, त्याच घराण्यातली. तिला पुढेही पाटे, मागेही पाटे. पाट्याचं एक टोक चासीला बोल्टने जखडलेलं, दुसरं झुलत्या शॅकलला. कारण दबला की पाटा लांबतो, त्याला सरकायला जागा हवी. ह्या सांध्यांत बुश असतात. ते झिजले की पुढचा एक्सल जागचा हलू लागतो. स्टिअरिंग सरळ धरलं तरी गाडी भरकटते, ब्रेक मारला की एका अंगाला ओढते, टायर एका कडेने खाल्ला जातो.

आईला दर महिन्याला माळशेज घाट उतरून कल्याणला डॉक्टरांकडे न्यावं लागतं. त्यामुळे खड्ड्यात पुढून ‘खडक्’ असा आवाज येऊ लागला, तेव्हा घरात गाडी विकण्याचाच विषय निघाला. नारायणगावच्या आमच्या मिस्त्रींनी शॅकलपाशी पहार घालून हलकेच दाबली आणि म्हणाले, “मास्तर, इंजिन ठणठणीत आहे. म्हातारीचे गुडघे गेलेत.”

काम आम्ही दोघांनी मिळून केलं. मागच्या चाकांना दगडांची उटी लावली, चासी घोड्यांवर टेकवली, एक्सलखाली वेगळा जॅक दिला. गाडीखाली शिरायचं तर नुसत्या जॅकच्या भरवशावर नाही, हा मिस्त्रींचा पहिला नियम. यू-बोल्ट सोडून पाटे उतरवले. जुने बुश काढण्याची त्यांची युक्ती साधी: शेगड्यात पाट्याच्या डोळ्याच्या एका बाजूला लहान सॉकेट धरायचा, दुसऱ्या बाजूला मोठा. शेगडा आवळत गेलं की लहान सॉकेट बुशला ढकलतो आणि मोठा त्याला पोटात घेतो. निघालेलं रबर तडकलेलं, एका बाजूने कागदासारखं पातळ झालेलं होतं. नवे बुश साबणाच्या पाण्याने सरकवले. तेल-ग्रीस लावलं तर नैसर्गिक रबर फुगून मऊ पडतं. एकीकडचेच बदलून भागत नाही, दोन्ही बाजूंचे एकदम बदलावे लागतात.

सगळ्यात मोलाची गोष्ट शेवटी कळली. बोल्ट घालून मी पाना घट्ट फिरवणार, तोच मिस्त्रींनी हात धरला. “आत्ता नाही. आधी गाडी चाकांवर उभी राहू द्या.” बोल्ट आवळला की बुशची आतली नळी जखडली जाते, बाहेरची डोळ्यात घट्ट असते, पाट्याची हालचाल मधलं रबर पिळून सोसतं. गाडी अधांतरी असताना आवळलं, तर जमिनीवर टेकताच ते रबर पिळलं जातं आणि कायम पिळलेलंच राहतं. मग नवा बुश थोड्याच दिवसांत फाटतो. अंगावर नेहमीचा भार आल्यावरच त्याची बैठक ठरवायची असते.

सगळा खर्च डिझेलच्या एका टाकीहून कमी आला. पाचशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घेतले, चाकांचं अलाइनमेंट तपासलं. गाडी विकण्याचा विषय आपोआप मागे पडला.

परवा घाट उतरताना मी सवयीने आरशातून मागे पाहिलं. एरवी प्रत्येक वळणावर समोरची दांडी घट्ट धरून बसणारी आई खिडकीला डोकं टेकून झोपली होती. मोरोशी आली तेव्हा तिला जाग आली. “एवढ्यात उतरलो?” तिने विचारलं.